दाजींच्या हॉलमधला समुद्र

‘दाजी जरा सीरियस हायेत, जल्दी निघा,’ असा फोन आला की आपल्याकडे माणूस गेलेला असतो. फोन करणाऱ्याला ते माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. तरी वाटेत जीव टांगून ठेवायची सोय असावी म्हणून ही पद्धत पडली असेल. अक्काच्या शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीत घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून निघावं की पुरी करावी, एवढाच विचार त्या वेळी मनात आला. मी ती पुरी केली. जालन्याच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस सरकीच्या भावाबद्दल बोलत होता आणि मी त्याला बरोबर उत्तरंही देत होतो. आता नवल वाटतं, पण तेव्हा वाटलं नव्हतं.

घरात शिरलो तर हॉलमध्ये माणसं दाटीनं बसली होती आणि कोणी बोलत नव्हतं. त्या शांततेत एकच आवाज चालू होता, काचेच्या टाकीतून खाली पडणाऱ्या पाण्याचा. दाजींना भिंतीच्या कडेला निजवलं होतं आणि त्यांच्या उशाशी, चौथऱ्यावर, निळसर उजेडात तो समुद्र रोजच्यासारखा हलत होता. धावड्याहून आलेले दाजींचे एक चुलते म्हणाले, “अरे, घरात माणूस गेलंय, ते यंत्र तरी बंद करा.” अक्कानं मान वर केली. “बंद केलं तर आतली मरतील, तात्या. आज एक मरण बास झालं.”

अक्का माझी थोरली बहीण. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी तिचं लग्न झालं, म्हणजे एक्क्याऐंशीत. दाजी धावड्याच्या शेतकऱ्याच्या घरातले, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागलेले. स्वभाव असा की आधी माप, मग काम. लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत त्यांनी मांडववाल्याला बोलावून सांगितलं होतं, की तुमचा डाव्या हाताचा खांब ओळंब्यात नाही. आमच्या वडिलांना तो अपमान वाटला. मांडववाल्यानं मात्र खांब सरळ केला. मी तेव्हा नुकताच भूगोलाचा मास्तर झालो होतो आणि दाजी मला शेवटपर्यंत ‘मास्तर’च म्हणत आले. त्या हाकेत मान किती आणि चेष्टा किती, हे मला कधी नीट मोजता आलं नाही.

जालन्याच्या मिलमध्ये फुटलेल्या जहाजांच्या प्लेटी येत. गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडतात, तिथून. माल बघायला कंपनीनं दाजींना एकदा तिकडे धाडलं. काम लवकर उरकलं, तेव्हा तिथल्या एका माणसानं त्यांना जामनगरकडच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि खालचं प्रवाळ उघडं पडतं, त्यातून चालता येतं. परत आले ते वेगळेच होऊन आले, असं म्हणणं जरा जास्त होईल. जेवले, झोपले, कामावर गेले. पण पुढच्या रविवारी मी गेलो तर त्यांनी मला समोर बसवलं. “मास्तर, तुम्ही पोरांना फळ्यावर प्रवाळाची बेटं काढून दाखवता. ते दगड न्हाईत बरं का. जिवंत असतंय ते. मी बोट जवळ नेलं तर मिटलं. मी बघून राह्यलो नुसता, पार पाणी परत चढेपर्यंत.” मी तोवर समुद्रच पाहिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिथून आणलं काहीच नव्हतं. आणायला बंदी होती आणि नसती तरी त्यांनी आणलं नसतं. आणली होती ती फक्त चित्रं, मिलच्या ड्रॉइंगच्या कागदावर काढलेली. मग सुरू झालं नियोजन, आणि ते किती वर्षं चालावं? भाड्याच्या घराची फरशी वजन पेलणार नाही, म्हणून आधी घर बांधणं आलं. घर बांधायचं तर टाकी कुठे बसणार ते आधी ठरलं पाहिजे. म्हणजे लोक घर बांधतात आणि मग त्यात वस्तू ठेवतात, दाजींनी वस्तू ठरवली आणि तिच्याभोवती घर बांधलं. पश्चिमेचं ऊन लागायला नको म्हणून हॉल उलट्या बाजूला नेला. अक्काला स्वयंपाकघरात पूर्वेची खिडकी हवी होती, ती या भानगडीत गेली. हॉलमध्ये भिंतीला लागून जमिनीतून पाया भरून एक भक्कम चौथरा उठवला. वास्तुशांतीला आलेल्या बायकांना वाटलं, इथे देव बसणार. त्यांनी चौथऱ्याला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले, एकीनं नारळही फोडला. दाजी दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, सांगा ना त्यांना. तर म्हणाले, “राहू द्या, पाया पक्का हाय. पूजा सोसंल त्याला.”

खरा प्रश्न पाण्याचा होता, आणि जालन्यात तो विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. नळाला पाणी यायचं तेव्हा गल्लीतली माणसं हातातली कामं टाकून धावायची. अशा गावात हा माणूस गोडं पाणी घेऊन त्यात मीठ कालवणार, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. अक्कालाच चार बायकांत ऐकून घ्यावं लागे. ती घरी येऊन दाजींना ऐकवी. दाजींनी त्यावरही कागद काढला. गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदात घ्यायचं, तेच यंत्रातून गाळून टाकीत वापरायचं, गाळताना वाया जाईल ते झाडांना. नळाच्या पाण्याला टाकीसाठी हात लावायचा नाही, हा त्यांनी स्वतःवर घातलेला नियम होता. औरंगाबादहून जाड काच आणली, ती जोडली, मिलमधल्या अँगलचा सांगाडा करून चौथऱ्यावर चढवली. गळती बघायला टाकी हौदातल्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवली होती. नेमका तेव्हाच नळ बरेच दिवस आला नव्हता. शेजारची एक बाई घागर घेऊन दारात उभी राहिली, म्हणाली, “अक्का, तुमच्याकडं एवढं पाणी नुसतं उभं हाय…” अक्कानं दाजींकडे न बघता घागर बुडवली. मग तिच्या मागून गल्ली आली, संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. दाजी म्हणाले, गळत नाही एवढं तर कळलं.

दगड त्यांनी स्वतः केले. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून ओल्या वाळूच्या खड्ड्यात ओतायचं. नंतर मीठ विरघळून जातं आणि दगडात भोकं राहतात, त्यांत पुढे जीव राहायला येतात. हे सगळं ते मला समजावून सांगत, आणि मला ते दगड फसलेल्या ढोकळ्यासारखे दिसत. सिमेंटचा तिखटपणा जावा म्हणून ते ढोकळे महिनोन्‌महिने पाण्यात भिजत पडले होते. मग मुंबईहून समुद्राचं खास मीठ आलं, पाणी कालवलं, दगड रचले, मोटर सुरू झाली, दिवे लागले. आणि त्यात काहीच सोडलं नाही. पाणी आधी पिकावं लागतं, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात आधी धरावे लागतात, म्हणाले. पाहुणे येत, चहा पीत, टाकीकडे बघत आणि विचारत, “ह्यात बघायचं काय?” दाजी शांतपणे म्हणत, “सध्या काय न्हाई. तेच चालू हाय.” मी पुष्कळ माणसं पाहिली, पण काहीच घडत नसलेल्या गोष्टीकडे इतक्या समाधानानं बघणारा दुसरा पाहिला नाही.

प्रवाळ मिळालं पुण्याच्या एका डॉक्टरांकडून. दाजींची त्यांच्याशी आधी पत्रानं आणि मग फोनवर ओळख झाली होती. ते घरच्या टाकीत मऊ जातीची प्रवाळं वाढवत आणि कलमं काढून हौशी लोकांना देत. दाजी त्याला ‘बेणं’ म्हणत, उसाचं असतं तसं. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन ते पुण्याहून एसटीनं आले. कंडक्टरनं डबा खाली ठेवा म्हटल्यावर त्याला म्हणाले, यात लेकरू आहे. बेण्याबरोबर दोन जोकरासारखे केशरी मासे, थोड्या गोगलगायी आणि एक झिंगा. लाल पाठीवर पांढरा पट्टा आणि लांब पांढऱ्या मिश्या.

या झिंग्यानं अक्काला जिंकलं. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, त्यामुळे तिनं आधी नाकाला पदर लावला होता. मग एकदा काच पुसायला तिनं हात आत घातला, तर तो झिंगा चालत तिच्या बोटांवर आला आणि नखांच्या कडा टोकरायला लागला. माशांच्या अंगावरची घाण साफ करणं हा त्याचा धंदाच, त्याला माणसाचा हातही चालतो. अक्का हसायला लागली. बांगड्या भरताना कासारीण हात धरते ना, तसं वाटतं म्हणाली, आणि त्याचं नाव कासारीण पडलं. मग रोज दुपारी, दाजी मिलमध्ये असताना, ती हात आत घालून उभी राहू लागली. खिडकीचा राग तिनं बहुतेक तेव्हाच सोडला. उडून जाणाऱ्या पाण्याची भरती करायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून वरून गोडं गाळलेलं पाणी घालत राहावं लागतं.

जालन्याचा उन्हाळा मी सांगायला नको. प्रवाळाला गारवा लागतो, आणि त्यातून वीज जायची. दाजींनी ट्रकच्या बॅटरीवर मोटर चालेल अशी सोय केली आणि पाण्यावर पंखे लावले. पंख्यानं पाणी गार राहतं, पण उडतंही फार. हिवाळ्यात तांब्याभर लागायचं तिथे आता हंडाभर लागू लागलं. त्या उन्हाळ्यात मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला अक्कानं मला कासारीण हातावर घेऊन दाखवली. दुसऱ्या खेपेला कासारीण नव्हती. आधी गोगलगायी काचेवरून सुटून पडल्या, मग एका सकाळी झिंगा वाळूवर आडवा दिसला, मग प्रवाळं मिटली ती मिटलीच आणि हळूहळू विरघळत गेली. मासे मात्र ठणठणीत. दाजी मोजमापं घेत होते, बदलत होते, पुन्हा घेत होते. अक्का टाकीसमोर बसून होती. तिनं दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, हे मला शेजारणीनं सांगितलं.

मासे जगले आणि बाकीचे गेले, हे ऐकून पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, पाण्यात कुठे तांबं आहे का? माशांना चालतं तेवढंसं तांबं या बाकीच्या जिवांना विष असतं. दाजींनी मोटर उघडली, वायरी बघितल्या. मग त्यांच्या डोक्यात आलं, आपली माणसं गोदावरीच्या पुलावरून एसटीतून पैसे टाकतात, कुणी पाहुण्यानं यातही नाणं टाकलं नसेल कशावरून? आम्ही दोघांनी सगळी वाळू चाळली. नाणं निघालं नाही.

पुढचं मला त्यांनी एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगितलं. एका दुपारी ते अचानक घरी आले. अक्का पाणी घालत होती, तांब्याच्या हंड्यातून. तो हंडा तिला लग्नात आमच्या आईनं दिलेला. यंत्रातून गाळलेलं पाणी प्लॅस्टिकच्या डब्यात पडायचं. जित्या जिवाला प्लॅस्टिकमधलं वासाचं पाणी कसं द्यायचं, म्हणून ती ते हंड्यात ओतून रात्रभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी घालायची. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आपण तांब्यातच ठेवतो, पाहुण्याला देतो, देवाला देतो. आणि असं कोरं गाळलेलं पाणी तांब्याला जास्तच खातं. जितकं ऊन, तितकं पाणी उडायचं, तितका हंडा आत रिता व्हायचा. दाजी चहाचा कप हातात धरून म्हणाले, “मी समदं धरलं होतं हिशोबात, मास्तर. काच, वजन, लाईट, ऊन. आमच्या घरात पाणी कशात ठेवतात, तेवढं धरलं न्हाई.”

मी म्हटलं, अक्काला सांगितलं का? “न्हाई. आन् तुम्ही बी सांगायचं न्हाई. ऊन बाधलं म्हणून सांगितलंय मी. तेच खरं धरून चला.” मला ते पटलं नाही. चूक झाली तर ती दाखवावी, नाहीतर पुन्हा होते. चुका दाखवण्यावरच तर माझा पगार होता. मी वाद घातला. अक्का शिकलेली आहे, समजून घेईल, वगैरे. ते म्हणाले, “ती रोज हात घालून उभी राहायची त्या झिंग्याजवळ. आता तिला सांगू, की तुझ्याच हातानं मेला? मला हे घरात पेपर तपासल्यासारखं करायचं न्हाई.” मग कप ठेवून ते मिलच्या गेटकडे निघून गेले. हंड्याचं काय केलं, तिला काय सांगून तो बाजूला काढला, हे मी विचारलं नाही. शब्द दिला आणि पाळला, तोही जरा नाराजीनंच. अक्काशी बोलताना उन्हाळ्याचा विषय निघाला की मी दुसरीकडे बघत असे.

तांबं दगडांत मुरतं, ते धुऊन जात नाही. इतक्या वर्षांचे ते ढोकळे दाजींनी गाडीत घालून गावाबाहेर टाकले, वाळू टाकली, मासे पिंपात हलवून टाकी कोरडी केली. अक्का म्हणायची, आता पुरे करा, आपल्या गावाला समुद्र सोसत नाही. पण त्यांनी पुन्हा सिमेंट कालवलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाट बघितली. दुसऱ्यांदा पुण्याहून बेणं आलं तेव्हा त्यांचे केस पिकले होते. या वेळचं जगलं. पुढे ते एवढं वाढलं की दाजीच कलमं काढून लोकांना देऊ लागले, नांदेडपर्यंत गेली त्यांची बेणी. निवृत्त झाल्यावर ते खुर्ची टाकून टाकीसमोर बसत, पेपर वाचत, अधूनमधून मान वर करून बघत. शेवटच्या सकाळी त्याच खुर्चीत होते. अक्का चहा घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं.

मी गेल्या आठवड्यात जालन्याला जाऊन आलो. दाजींवर पेपरच्या पुरवणीसाठी लिहितोय म्हटल्यावर अक्कानं विचारलं, काय काय लिहिणार? ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, मीही समोर बसून फोडू लागलो आणि सांगत गेलो. मांडवाचा खांब, जहाजाच्या प्लेटी, चौथऱ्यावर फोडलेला नारळ. ती ऐकत होती, मध्येच हसत होती. उन्हाळ्यापाशी आलो तेव्हा मी सवयीनं म्हणालो, “मग एका वर्षी ऊन बाधलं, सगळं गेलं, दाजींनी परत उभं केलं.” अक्कानं हातातली शेंग फोडली, दाणे वेगळे केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लिहायचं तर बराबर लिही. तांब्याचं बी लिही.”

ती आपणच म्हणाली, “दुपारचे आल्ते हे. दारात उभे राहून बघितलं आन् काय बोललेच न्हाईत. दुसऱ्या दिवशी एक हलका डबा घेऊन आले. म्हणाले, हंडा जड हाय, तुझ्या कमरेला त्रास व्हईल. एवढा संसार झाला, वसंता, माझ्या कमरेची ह्यांनी कधी चौकशी केली न्हाई. बाळंतपणात केली न्हाई. मला तवाच कळलं, हंड्यात कायतरी हाय म्हणून.”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलायचं?” अक्का म्हणाली. “माझ्या हातानं मेलं समदं. दुसरा कुणी असता तर म्हणला असता, तू आता हात लावू नको. ह्यांनी भांडं बदललं… पाणी घालायचं काम माझंच ठेवलं.”

दाजी गेल्यापासून मी रडलो नव्हतो. जीपमध्ये नाही, घाटावर नाही, तेराव्याला नाही. मला वाटत होतं, माझा स्वभावच तसा कोरडा. त्या शेंगांच्या टरफलांसमोर बसून मी रडलो, आणि अक्कानं मला रडू दिलं. नंतर ती उठली. टाकीत पाणी घालायची तिची वेळ झाली होती. भरलेला डबा कोपऱ्यात होता, तो उचलायला मी पुढे झालो, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

“राहू दे,” म्हणाली, “माझ्या कमरेला काय बी झालेलं न्हाई.”